पुरस्काराला कीर्तनकार हवा

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला पुरस्कार आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला मिळाला. हा मान मराठीला नवा नाही. ‘बाबू बँड बाजा’साठी राजेश पिंजानी, ‘फँड्री’साठी नागराज मंजुळे आणि ‘नाळ’साठी सुधाकर रेड्डी यक्कंटी हे याच पायरीवर यापूर्वी चढून गेले आहेत. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने जागतिक कथाचित्रपट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. ज्या मराठी चित्रपटाला १९५४ साली ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि नंतर तसाच सर्वोच्च सन्मान पुन्हा मिळण्यासाठी ‘श्वास’पर्यंत, म्हणजे २००४पर्यंत, पन्नास वर्षे वाट पाहावी लागली, त्या चित्रपटाने पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांच्या रूपाने तो सन्मान आणखी तीन वेळा घरी आणला. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाखेरीज, मित्रांच्या उसनवारीवर आणि स्वतःच्या हट्टावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकांचा या यशात फार मोठा वाटा आहे.

हा गौरव यथायोग्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न गौरवानंतरचा आहे, आणि तो मुंबईतील सभागृहात न विचारता पणदऱ्यात उभे राहून विचारला तर अधिक स्पष्ट ऐकू येतो.

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माळेगाव ओलांडल्यावर पणदरे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, शाळा, पतसंस्था, एस. टी.ची वाट पाहणारी महाविद्यालयीन मुले असे हे बागायती पट्ट्यातील चारचौघांसारखे गाव. येथील माणूस निरक्षर नाही, उदासीन नाही, आणि अगदी निर्धनही नाही. पुरस्कारांची बातमी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. इतकेच नव्हे, तर स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी येथील मुले ती बातमी पाठ करतात. ‘कासव’चे दिग्दर्शक कोण, हे चित्रपट कोणत्या वर्षीचे सुवर्णकमळ मिळवून गेले, ‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये काय मिळाले, याची उत्तरे चालू घडामोडींच्या पुस्तिकांत असतात आणि एका गुणासाठी ती घोकली जातात. ‘कासव’ पाहिलेला विद्यार्थी मात्र त्या अभ्यासिकेत शोधावा लागेल. ज्या कलाकृतीचे नाव परीक्षेला येते परंतु कलाकृती गावाला येत नाही, तिचा सन्मान झाला असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो?

या प्रश्नाचे एक उत्तर बारामतीच्याच इतिहासात आहे. अठराव्या शतकात मोरोपंत पन्हाळ्याहून येऊन बारामतीत स्थिरावले ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. नाईकांनी कवीच्या चरितार्थाची काळजी वाहिली. आजच्या भाषेत सांगायचे तर पारितोषिकाची रक्कम दिली. परंतु पंतांच्या आर्या नाईकांच्या वाड्यातून बाहेर पडून गावोगावच्या देवळांत पोचल्या त्या नाईकांमुळे नव्हेत. त्या पोचविल्या कीर्तनकारांनी. पूर्वरंगात एखादी आर्या घ्यायची, तिचा अन्वय लावायचा, दृष्टान्त द्यायचा आणि संस्कृतप्रचुर रचनेची गोडी अक्षरशत्रू श्रोत्यालाही लावायची, हे काम त्यांनी पिढ्यान् पिढ्या केले. आश्रयदाता आणि कीर्तनकार ही दोन वेगळी माणसे होती, आणि काव्याला दोघांचीही गरज होती. आपली आजची पुरस्कारपद्धती म्हणजे नाईकांचा वाडा आहे. तिला कीर्तनकार नाही.

ही पद्धती कशी चालते ते थोडे पाहण्याजोगे आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट पाठवायचा तर त्या वर्षात त्याला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते. तो चित्रपटगृहात लागलेला असला पाहिजे, असे बंधन नाही. हा नियम स्वतंत्र दिग्दर्शकाच्या हिताचाच आहे, कारण वितरक न मिळालेला चित्रपट त्यामुळे स्पर्धेबाहेर राहत नाही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, ज्या चित्रपटाला प्रेक्षक भेटलेलाच नाही त्याच्या गळ्यात पदक पडू शकते, आणि पदक पडल्यावरही प्रेक्षक भेटण्याची हमी नसते. २०२४ साली या पुरस्कारांच्या रचनेत बदल झाले. पहिल्या चित्रपटाच्या पुरस्काराला असलेले इंदिरा गांधींचे नाव वगळले गेले, त्यावर वाद झाला, आणि त्या वादात दुसरा बदल फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. पूर्वी या पुरस्काराची रक्कम निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यात वाटली जात असे. आता ती केवळ दिग्दर्शकाला मिळते. सुवर्णकमळाबरोबर तीन लाख रुपये. बदल स्वागतार्ह आहे. तरीही चित्रपटनिर्मितीचा खर्च ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की, या रकमेत कर्जाचा एखादा हप्ता फिटतो. चित्रपट दाखविण्यासाठी तीत एक पैसाही धरलेला नाही.

परिणाम काय होतो? राजेश पिंजानी यांच्या ‘बाबू बँड बाजा’ला २०११च्या मे महिन्यात पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, मिताली जगताप यांना अभिनेत्रीचा आणि विवेक चाबुकस्वार याला बालकलाकाराचा सन्मान मिळाला. मुलाने शिकावे म्हणून झगडणारी आई आणि बँड वाजवून पोट भरणारा बाप यांची ती कथा. तीन तीन राष्ट्रीय सन्मान पदरात असलेला हा चित्रपट चित्रपटगृहात आला तो पुढच्या वर्षी. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. वडील गेल्यावर, बदली झालेल्या नोकरदार आईबरोबर कोकणातील परक्या गावी आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे एकटेपण त्यात आहे. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली या चित्रपटाला स्फटिक अस्वलाचे जे पारितोषिक मिळाले ते मुलांच्या परीक्षकमंडळाने दिलेले होते. म्हणजे जर्मनीतील शाळकरी मुलांनी हा मराठी चित्रपट पाहिला, समजून घेतला आणि त्यावर निर्णय दिला. महाराष्ट्रातील मुलांना तो जून २०१५पर्यंत पाहता आला नाही, आणि नंतर लागला तो मुख्यतः शहरांतील महागड्या पडद्यांवर. बदलीच्या नोकरीत आईवडिलांबरोबर गाव सोडावे लागणे हा अनुभव बर्लिनमधील मुलांपेक्षा आपल्या शिक्षकांच्या आणि तलाठ्यांच्या मुलांना जवळचा आहे, हे सांगायला परीक्षकमंडळ नको.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’च्या वेळी तर एक विलक्षण दृश्य दिसले होते. नातवाची दृष्टी जाणार हे कळलेला कोकणातील आजोबा आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग दाखवून घेण्याची त्याची धडपड, असा साधा विषय. भारताने हा चित्रपट ऑस्करसाठी पाठविला, आणि अमेरिकेत प्रचार करण्यासाठी पैसा नाही हे कळल्यावर महाराष्ट्र हलला. शासनाने निधी दिला, संस्थांनी दिला, शाळकरी मुलांनीही आपापल्या परीने रक्कम गोळा केली. समाजाने चित्रपटाच्या मागे इतक्या आत्मीयतेने उभे राहावे, ही गोष्ट छोटी नव्हती. पण हा सारा पैसा जमला तो लॉस एंजलिसमधील मतदारांना चित्रपट दाखविण्यासाठी. तेवढाच उत्साह महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत तो दाखविण्यासाठी उसळला नाही. ‘श्वास’ने लोकप्रियता मिळविली ती स्वतःच्या बळावर, ऑस्करच्या अंतिम नामांकनात तो नव्हता. परदेशातील मान्यतेसाठी आपण वर्गणी काढतो आणि स्वदेशातील प्रेक्षकासाठी काढत नाही, हा विरोधाभास त्या वेळी कोणी फारसा बोलून दाखविला नाही.

पूर्वीची व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही, परंतु दोन वाटा तरी होत्या. एक दूरदर्शनची. १९८०च्या दशकात राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील नामांकित आणि पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखविले जात. जेवणानंतर पेंगुळलेल्या घरांत एखादा बंगाली किंवा मलयाळी चित्रपट इंग्रजी अक्षरांसह चालू असे. अनेकांना तो कंटाळवाणा वाटे, पण त्याच कंटाळ्यातून कित्येकांच्या मनात सत्यजित राय आणि अडूर गोपालकृष्णन यांची नावे रुजली. चित्रपटकर्त्यालाही त्यातून मोबदला मिळे. पुरस्काराला जोडलेले असे ते प्रदर्शनच होते. दुसरी वाट तंबूची. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे या भागांतील यात्रांत तमाशाच्या फडाशेजारी फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू पडत. त्यांत लागत ते बहुधा देवादिकांचे नाही तर मारामारीचे चित्रपट. कलात्मकतेचे ते माहेरघर नव्हते. पण खेड्यातील माणूस पाय पसरून, मुलेबाळे घेऊन, परवडेल त्या तिकिटात पडद्यासमोर बसू शकत होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात माहितीपटांसाठीच्या ‘सोनेरी डोळा’ पारितोषिकाच्या वेळी त्याचा विशेष उल्लेख झाला. तंबू मात्र तोपर्यंत मोडकळीला आले होते. रिळांचे चित्रपट बंद झाले आणि जुनी यंत्रे भंगाराच्या वाटेला लागली. जगाने त्यांच्या अस्ताचे कौतुक केले आणि अस्त व्हायचा तो झालाच.

आता असे म्हटले जाईल की, हे रडगाणे कालबाह्य आहे; प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात सर्व चित्रपट आहेत. हे अर्धसत्य आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचे पारितोषिक मिळाले. तो महाराष्ट्रात आला तो चित्रपटगृहांतून नव्हे, तर २०२१च्या एप्रिलमध्ये वर्गणी भरणाऱ्यांसाठी नेटफ्लिक्सवर. करोनाचा काळ होता, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. पण शास्त्रीय संगीताच्या साधनेत आयुष्य झिजवणाऱ्या गायकाची ती संथ, सूक्ष्म कथा हातातल्या पडद्यावर, मध्येच येणाऱ्या निरोपांच्या टुणटुणाटात पाहणे म्हणजे मैफल रस्त्यावर उभे राहून ऐकणे होय. शिवाय सर्व पुरस्कारप्राप्त चित्रपट तेथे असतात हा समजही खरा नाही. आणि असले तरी ते शोधायचे कोणी आणि कशासाठी? कीर्तनकाराचे काम केवळ आर्या म्हणून दाखविण्याचे नव्हते. ती का ऐकायची, हे तो सांगत असे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रामीण प्रेक्षकाला असले चित्रपट नकोच असतात. तो करमणूक मागतो, तेव्हा त्याच्यावर अभिरुची लादू नये. या आक्षेपाला उत्तर उजनीच्या पलीकडून मिळते. इंदापूर तालुक्याच्या सीमेला लागलेले धरणाचे पाणी ओलांडले की करमाळा तालुका आहे, आणि त्या तालुक्यातील जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. ‘फँड्री’तील जब्या झालेला सोमनाथ अवघडे त्याच तालुक्यातला. डुकरे पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाची ही गोष्ट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाली आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. लोकांनी ती पाहिली, ते अस्वस्थ झाले, भांडले. त्यात प्रेमगीतांची करमणूक नव्हती आणि शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येत होता. तरीही प्रेक्षक आला. मात्र येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे की, हे घडले ते पुरस्कारामुळे नव्हे. राष्ट्रीय पुरस्कार त्यानंतर दोन महिन्यांनी जाहीर झाला. चित्रपटाच्या मागे मोठ्या वाहिनीची वितरणशक्ती होती म्हणून तो पोचला. ज्यांच्या मागे ती नसते, त्यांच्यासाठीच तर पुरस्कार असावा.

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांतील छोट्या गावाचे उदाहरण येथे आठवते. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेने तेथे नाटकाबरोबर चित्रपटाचीही चळवळ चालविली. १९७०च्या दशकात तेथे चित्रपटमंडळ सुरू झाले. ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ज’ यांसारखे चित्रपट शेतकऱ्यांनी, मजुरांनी, शिक्षकांनी पाहिले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर चित्रपटरसास्वाद शिकविण्यासाठी हेग्गोडूला जात असत. ज्या पुण्याहून ते शेकडो मैल दूर गेले, त्या पुण्याच्या जिल्ह्यातच पणदरे आहे, ही टोचणी कोणाला लागली तर वावगे नाही. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो चित्रपट काढल्याबद्दल नव्हता. पोचविण्याच्या कामालाही प्रतिष्ठा असते, एवढे त्यातून दिसले. केरळात जॉन अब्राहम या मनस्वी दिग्दर्शकाने १९८४ साली ‘ओडेसा’ हा गट उभारून याहून धाडसी प्रयोग केला. गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा, लोकांकडून वर्गणी घ्यायची, त्यातून आपला चित्रपट काढायचा आणि तो पुन्हा त्याच लोकांना दाखवायचा. ‘अम्मा अरियान’ हा त्यांचा १९८६चा चित्रपट असा जन्मला. दुसऱ्याच वर्षी जॉन गेले आणि त्या प्रयोगाचा वेग ओसरला. एका माणसाच्या ध्यासावर उभ्या राहिलेल्या कामाचे बहुधा असेच होते. म्हणूनच ही गोष्ट नियमात बसवावी लागते.

ती नियमात बसविता येते, हे युरोपीय संसदेने दाखविले आहे. २००७ साली सुरू झालेल्या तिच्या ‘लक्स’ पुरस्कारात दिग्दर्शकाच्या हाती धनादेश ठेवण्याऐवजी अंतिम फेरीतील चित्रपटांना संघाच्या सर्व अधिकृत भाषांत उपशीर्षके देण्याचा आणि ते सदस्यदेशांत दाखविण्याचा खर्च केला जाऊ लागला; विजेत्या चित्रपटाची दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी वेगळी आवृत्तीही तयार होऊ लागली. एस्टोनियातील छोट्या गावात पोर्तुगीज चित्रपट पोचावा म्हणून पुरस्कार; शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नव्हे. याउलट व्हेनिसचे ‘भविष्याचा सिंह’ हे पहिल्या चित्रपटाचे पारितोषिक एक लाख डॉलरचे आहे आणि ते दिग्दर्शक व निर्माता यांच्यात वाटले जाते. ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला ते २०१४ साली मिळाले. कलावंताला उभे करण्यासाठी तसे पारितोषिकही हवेच. दोन्ही प्रकारांची गरज वेगळी आहे. आपल्याकडे पहिला प्रकार नाही आणि दुसरा तुटपुंजा आहे.

महाराष्ट्र शासन स्वतःचे चित्रपट पुरस्कार देते, मराठी चित्रपटांना अनुदान देते, पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मराठी चित्रपटासाठी संत तुकारामांच्या नावाचे पारितोषिक आहे. या साऱ्यांच्या नियमांत एका कलमाची भर घालता येईल: विजेत्या दिग्दर्शकाचा चित्रपट वर्षभरात प्रत्येक तालुक्यात किमान एकदा दाखविला जाईल, आणि प्रत्येक खेळामागे ठरावीक मानधन दिग्दर्शकाला मिळेल. रिळांच्या पेट्या एस. टी.च्या टपावर चढविण्याचे दिवस गेले. एक छोटी तबकडी आणि बऱ्यापैकी प्रक्षेपक एवढी सामग्री आज पुरते. सभागृहांची तर वाण नाहीच. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे सभागृह गदिमांच्या नावाचे आहे. ज्यांनी ‘दो आंखें बारह हाथ’ची कथा लिहिली त्यांच्या नावाच्या वास्तूत ‘कासव’ लागला तर ते औचित्याला धरूनच होईल. साखर कारखान्यांची सभागृहे, महाविद्यालये, माध्यमिक शाळांचे मोठे वर्ग वर्षातून बरेच दिवस रिकामे असतात. ज्या कारखान्याच्या वार्षिक सभेला हजारो सभासदांची बसण्याची व्यवस्था होते, त्याला तीनशे प्रेक्षकांची व्यवस्था जड नाही.

अडचणी येतील. वितरक म्हणतील की फुकट खेळांनी धंदा बुडतो. तेव्हा चित्रपटगृहातील प्रदर्शनानंतर ठरावीक महिन्यांनी हे खेळ व्हावेत, असे बंधन घालता येईल. पुढारी उद्घाटनाला येऊन तासभर बोलतील. त्यावर मात्र उपाय सुचविणे कठीण आहे. ‘साबर बोंडं’सारखा चित्रपट दाखविताना काही भुवया उंचावतील. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला शहरी तरुण आणि त्याचा बालमित्र यांच्यातील प्रेमाची ती कथा आहे, आणि ते प्रेम दोन पुरुषांचे आहे. मुंबईत मोटारचालकाच्या घरी वाढलेल्या, कोणत्याही चित्रपटशाळेत न गेलेल्या दिग्दर्शकाने ती काढली. निवडुंगाचे ते लाल फळ काटे झाडून कसे खायचे हे अमेरिकेतील प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले असेल. बारामती-इंदापूरच्या जिरायती टापूतील म्हाताऱ्यांना ते सांगावे लागणार नाही. चित्रपट आवडो न आवडो, त्यातील सुतक, भावकी, लग्नाविषयी चौकशा करणारे नातेवाईक हे सारे त्यांना परीक्षकांहून अधिक कळेल. दिग्दर्शकालाही आपल्या कामाची खरी पारख तेथेच होईल.

आणि चित्रपट झाल्यावर अर्धा तास चर्चा व्हावी. ती चालविण्यासाठी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाची गरज नाही. शाळेत कविता शिकविणारा मराठीचा शिक्षक हे काम उत्तम करील. त्याला त्यासाठी आठवडाभराचे रसास्वादाचे प्रशिक्षण मात्र द्यावे लागेल, आणि ते देण्याची सोय पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या रूपाने कित्येक वर्षे आहे. तिकीट किती असावे हे त्या त्या शाळेने ठरवावे, दहा रुपये ठेवावे की वीस. दिग्दर्शकाचे मानधन त्या गल्ल्यावर अवलंबून ठेवू नये. ते पुरस्काराच्या रकमेबरोबरच मंजूर व्हावे.